मुखरू ड्रायव्हरची बॅटरी

गाडी थांबली की ड्रायव्हर उतरतो, बिडी पेटवतो, आळोखेपिळोखे देतो. आलापल्लीच्या बांबू डेपोवरचा मुखरू मात्र इंजिन बंद झालं की आधी पायाखालची फळी उचलायचा. त्या फळीखाली ट्रकची बॅटरी. खिशातला पाना काढून तो अर्थची वायर, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली, ढिली करायचा आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून बाजूला सारायचा. दुसऱ्या वायरीला आधी हात लावायचा नाही. लावला आणि पाना कुठं लोखंडाला टेकला, तर अशी ठिणगी उडते की भुवया जळून जातात. सकाळी जोडताना उलटं, अर्थची सगळ्यात शेवटी. हे होईस्तोवर मागून कोणी कितीही शंख करो, मुखरू मान वर करायचा नाही.

बाकीच्या ड्रायव्हरांना तेवढंच हवं असे. "झोपवलं काय गा मुखरू लेकराले? पांघरूण घातलं काय?"

"घातलं ना बावा," मुखरू म्हणे. "सकारी तुही गाडी ढकलाले चार मानसं लागते, मले एक अंगठा लागते. आता सांग, कोन येडा?"

आणि खरंच होतं ते. पावसाळ्यात तो अंगणात काचेची बरणी मांडून ठेवी, थेट आभाळातून पडलेलं पाणी धरी आणि तेच बॅटरीत घाली. विहिरीच्या पाण्याला शिवू देत नसे. बायको म्हणे, देवाले तरी एवढं नितळ पानी देता काय? पण ही हौस नव्हती हो. गाडी लढाईतली, नागपूरच्या लिलावातून ठेकेदारानं उचललेली शेवरलेट. अंगठ्यानं दाबायचा सेल्फ लागला नाही की पुढून हँडल मारा. एकदा मुखरूनं हँडल मारलं आणि इंजिननं असा उलटा झटका दिला की उजवं मनगट कडाड वाजलं. हाड बसवलं गावच्या वैदूनं, ते वाकडंच बसलं. स्टिअरिंग धरता येई, पाना फिरवता येई, हँडल मात्र कायमचं सुटलं. ठेकेदारानं तोंडावर सांगितलं होतं, "गाडी जंगलात निजून राहिली त मी दुसरा ड्रायव्हर पाहीन." म्हणजे बॅटरी उतरली की मुखरू उतरला. मूल गावाकडं घर होतं, भाताच्या दोन बांध्या होत्या, पण पोट गाडीवर होतं.

त्याच्या शेजारी बसायचा इसरू. माडिया माणूस, सूरजागडच्या डोंगराकडच्या एका लहानशा गावचा. बांबूचा भार बांधायचा, वाट दाखवायची, चाक रुतलं तर खाली उतरून शिव्या द्यायच्या, ही त्याची कामं. मराठी मोडकी बोले, पण शिव्या अगदी साफ. मुखरू घरून डबा आणी, इसरू तुंब्यातून आंबील आणी, आणि दोघं एकमेकांचं खाऊन एकमेकांच्या बायकांना नावं ठेवत.

इसरूची एक गोष्ट पक्की होती. जंगलात सांज झाली की कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसरी हाक आली, तरी नाही. तिसरी आली तरच माणूस समजायचं. "जे मानूस नाई," तो म्हणे, "थे दोनदाच हाक मारते. तिसरी हाक त्याले येत नाई."

"काऊन येत नाई? दम लागते काय त्याले?"

"हास तू. एक दिवस हासशीन, अन् मंग हासाले तोंड नाई राहीन."

मुखरू अशा गोष्टींना भीक घालत नसे. इसरू कधी मुद्दाम बांबूच्या बेटाआड लपून घोगऱ्या आवाजात हाक मारी, "मुखरूऽऽ", आणि मुखरू पहिल्याच हाकेला घसा फोडून ओरडे, "ओ! बोला महाराज, काय पायजे? बिडी का काडी?" मग इसरू बाहेर येऊन कपाळाला हात लावी. हा खेळ त्यांचा वर्षानुवर्षं चालला होता. इसरूला हसू आवरत नसे आणि रागही येई, दोन्ही एकदमच.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू लागायचा, तो जंगलातून डेपोवर आणायची घाई चाललेली. पौष महिना. ठेकेदारानं गाड्यांसाठी आतपर्यंत कच्ची वाट फोडली होती आणि तिच्यावर टाकायला मुरूम हवा म्हणून जागोजागी खड्डे खणून ठेवले होते. कुंपण नाही, खूण नाही, काही नाही. ठेकेदाराचं काम ते, त्याला काय! त्यात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस झिमझिम, आणि मग जंगलातून जे धुकं उठलं ते दुपारीसुद्धा बसेना.

त्या दिवशी भरलेला ट्रक माडियांच्या दगडांपाशी रुतला. मेलेल्या माणसाच्या नावानं हे लोक उभा दगड रोवतात; तसे पाचपन्नास दगड त्या वाटेच्या कडेला होते, काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे, काही कलंडलेले. धुक्यात माणसं वाट बघत उभी असावीत तसे ते दिसत. मागचं चाक आसापर्यंत चिखलात गेलं. इसरू उतरला, पण त्या दिवशी त्यानं शिवी दिली नाही. कमरेच्या डबीतली चिमूटभर तंबाखू काढून त्यानं जवळच्या दगडापुढं ठेवली.

"इथी अडकाले नाई पायजे होतं," तो म्हणाला.

"चिखलाले काय समजते, कोन मेलं अन् कोन जित्तं हाये थे?" मुखरू म्हणाला खरा, पण आवाज थोडा खालीच लागला.

इसरूचं गाव समोरच्या टेकडीपलीकडं होतं. बैल आणल्याशिवाय गाडी निघणार नव्हती. इसरूनं गाडीतला कंदील घेतला. "बैल आज नाई भेटले त सकारी येतीन. पन मी येतोच. जेवन आनतो. या जाग्यावर एकटं नाई राहायचं."

"मी काय लहान पोरगं हाये?"

"सांज झाली का बत्ती लाव. थोड्या थोड्या येळानं भोंगा वाजव. धुक्यात मले अंदाज लागीन."

म्हणून त्या दिवशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, इंजिन बंद झाल्यावर मुखरूनं फळी उचलली नाही. बॅटरी जोडलेलीच ठेवली.

दिवस कलला. धुकं झाडांच्या बुंध्यांशी होतं ते आता काचेला येऊन टेकलं. मुखरूनं दिवे लावले तर उजेड हातभर जाऊन थबकला, त्यात पुढचे दोन दगड तेवढे उमटले. रातकिडे नाहीत, टिटवी नाही, एरवी सांजेला डोकं उठवणारे मोरही गप्प. त्यानं एकदा भोंगा वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला. मग दोन्ही हात काखेत घालून बसून राहिला.

आणि भोंगा आपोआप वाजला.

मुखरूनं हाताकडं पाहिलं. हात काखेतच होते. भोंगा वाजतच राहिला, थांबेचना, एका सुरात, नरडं धरल्यासारखा. त्यानं बटण दाबलं, उपसलं, त्यावर बुक्की मारली. काही नाही. समोर दिव्यांच्या उजेडात धुकं हलत होतं आणि दगड जागचे सरकल्यासारखे वाटत होते. मुखरूचं कपाळ घामानं भिजलं, पौषाच्या थंडीत! 'अरे लेका, वायर हाये,' तो स्वतःशीच मोठ्यानं बोलला. 'वरचं रबर झिजलं, ओली वायर लोखंडाले टेकली, दुसरं काय होईन?' हे अगदी बरोबर होतं. त्याला ते ठाऊकही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि अशा जागी, अशा वेळी, एकट्यानं ते ऐकत बसणं वेगळं.

मग दिवे तांबडे पडू लागले. भोंग्याचा सूर खाली खाली जायला लागला. बॅटरी उतरत होती. आणि समोरच्या फळीमागून जळक्या रबराचा वास आला. पेट्रोलची टाकी त्याच्याच बसायच्या जागेखाली, मागं बांबूचा भार. आता विचार करायला वेळच नव्हता. त्यानं पायाखालची फळी उचलली, अंधारात चाचपून अर्थच्या वायरीचा नट धरला आणि पाना फिरवला. वाकडं मनगट कळवळलं. वायर सुटली.

भोंगा तुटला. दिवे गेले. वायरीला चिंधी गुंडाळून मुखरू बसला, आणि मग त्याला कळलं की शांतता किती मोठी असते. भोंगा वाजत होता तोवर निदान काहीतरी होतं.

त्यानं बरोबर तेच केलं होतं. कुठल्याही शहाण्या ड्रायव्हरनं तेच केलं असतं. सकाळी उजेडात जळकी वायर शोधायची, तोडून बाजूला करायची, मग अर्थ जोडायची. तोवर हात लावायचा नाही. इसरूला वाट ठाऊक आहे, तो इथंच जन्मला, त्याला कशाला भोंगा लागतो? असं मनाशी म्हणत तो घोंगडी पांघरून बसला.

तेवढ्यात हाक आली.

"मुखरूऽऽ"

आवाज इसरूचाच. मुखरूचं तोंड उघडलंही. पण ओ बाहेर पडायच्या आत त्याला जाणवलं की हाक मागून आली. गाव समोर, टेकडी समोर, आणि हाक आली मागून, दगडांच्या पलीकडून, जिकडं ना वाट ना वस्ती. त्यानं वळून पाहिलं. इसरू कंदील घेऊन गेला होता. मागं उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. नुसता धुक्याचा पांढुरका अंधार, आणि त्यात ती माणसांएवढ्या उंच दगडांची रांग.

तोंड मिटलं. अंगावर असा काटा आला की घोंगडी टोचायला लागली. आयुष्यभर ज्या गोष्टीला हसला, ती त्याच्या मानेवर येऊन बसली. 'दोनदाच हाक मारते,' इसरूच म्हणाला होता ना!

"मुखरूऽऽ... ओऽऽ मुखरू..."

दुसरी. जवळून, आणि घसा बसल्यासारखी. मुखरूचा हात वायरीकडं गेला. एकदाच जोडावी, क्षणभर दिवा लावावा, बघावं तरी. चिंधीची गाठ बोटांना लागली आणि तिथंच बोटं थिजली. दिवा दाखवणं काय आणि ओ देणं काय, एकच की ते! ज्यानं भोंगा वाजवला त्यानंच आता हाक मारली असेल तर? त्यानं हात मागं घेतला. दातावर दात दाबून तो तिसऱ्या हाकेची वाट बघू लागला. तिसरी आली की ओ देऊ. तिसरी आली की धावत जाऊ. देवा, तिसरी येऊ दे.

तिसरी हाक आली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दूर कुठंतरी काहीतरी कोसळल्यासारखा आवाज झाला, वाळकं लाकूड मोडावं तसा, आणि मग तेही नाही. आणि हे सांगायला जीभ रेटत नाही, पण खरं ते खरं: मुखरूला त्या वेळी हायसं वाटलं. वाचलो, असं वाटलं. बरं झालं ओ दिली नाही, असं म्हणून त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढली आणि पहाटेकडं त्याला झोपसुद्धा लागली.

उजाडलं तेव्हा धुकं विरळ झालं होतं. टेकडीवरून बैलांच्या दोन जोड्या आणि गावची माणसं उतरत आली. पुढं इसरूची बायको, मंगली. मुखरू खाली उतरून हसला. तीही हसली, आणि गाडीत डोकावली.

"इसरू कुठी हाये?"

"मंजे? घरी नाई?"

"काल सांजचाच आला ना तुह्याकडं! भाकर घेऊन."

मुखरूनं दगडांच्या मागं बोट दाखवलं. तिला त्यातलं काही समजलं नाही. माणसं तिकडं पळाली.

इसरू मुरमाच्या खड्ड्यात सापडला. जंगलातली प्रत्येक खळगी त्याला पाठ होती, पण हा खड्डा जंगलाचा नव्हता, ठेकेदाराचा होता. धुक्यात वाट चुकून तो टेकडीला वळसा घालून मागच्या अंगानं आला होता. कंदील विझलेला, काच फुटलेली. भाकरीचं फडकं पाण्यावर तरंगत होतं. बरगड्या मोडल्या होत्या, पाय पिळवटला होता, आणि रात्रभर तो कमरेएवढ्या गार पाण्यात पडून होता. जिवंत होता.

बैलांनी गाडी ओढून काढली. बांबू तिथंच उतरवला आणि रिकाम्या गाडीत गवत पसरून इसरूला ठेवलं. मुखरूनं भोंग्याची जळकी वायर तोडून फेकली, अर्थ जोडली, नट आवळला आणि सेल्फवर अंगठा ठेवला. एकाच झटक्यात इंजिन लागलं. एवढी सुरेख बॅटरी त्यानं वाचवली होती!

वाटेत एका नाल्यावर पाणी पाजायला गाडी थांबवली तेव्हा मुखरू मागं चढला. मंगली पाणी आणायला खाली गेली होती. इसरूच्या ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. मुखरूनं त्याचा हात धरला.

"तू कुठी होता बे?" इसरू हळूच म्हणाला. "म्या हाक मारली."

"आयकली."

"कंदील इझला होता. दोनदा मारली. तू पहिलीलेच ओ देतस. दुसरीलेही नाई दिली, तवा मले वाटलं... तू इथी नाईस. गाडी दुसरीकडं हाये. म्हनून पलटलो."

एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं डोळे मिटले. दवाखाना अजून दूर होता. पोचायच्या आधीच, सागाच्या त्या लांबच लांब रस्त्यावर कुठंतरी, मंगलीच्या मांडीवर तो गेला. मुखरूला कळलं ते मागून आलेल्या तिच्या आवाजानं. त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, बंद करायचं त्याला सुचलंच नाही.

पुढं कितीतरी महिन्यांनी इसरूचा दगड रोवायचा ठरला. दगड डोंगराच्या पायथ्याहून आणायचा होता. मुखरूनं ठेकेदाराला विचारलंही नाही, गाडी घेऊन गेला. माणसांबरोबर खांदा लावून दगड चढवला, उतरवला, उभा केला. ढोल वाजले, कोंबडं कापलं, जेवण झालं. सगळे त्याच्याशी नीट वागले. तेच त्याला सोसत नव्हतं. कुणीतरी शिवी द्यावी, कुणीतरी दगड उचलून हाणावा, असं त्याला दिवसभर वाटत होतं.

माणसं पांगली तेव्हा मंगली त्याच्याजवळ येऊन बसली. उन्हं उतरत होती. बराच वेळ ती जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, एक गोठ कोनाले सांगतली नाई. तुलेच सांगून राह्यली."

"सांग बाई."

"त्या दिवशी तुहा भोंगा वाजत होता. लय वेळ वाजला. गावातले मानसं म्हनत होते, काईतरी झालं, चाला. मशाली पेटवल्या होत्या. आमी सारे निघालो होतो. अन् भोंगा बंद झाला." काडी थांबली. "म्याच म्हटलं, पोचला थो. पोचला म्हनून भोंगा बंद केला. चाला मांगं. म्याच परतवलं सगळ्याईले. म्या नसतं म्हटलं त थो जगला असता."

ती रडत नव्हती. इतके महिने ते एकटीनं वाहून वाहून तिचे डोळे कोरडे झाले होते. मुखरूला गप्प राहता आलं असतं. होय बाई, नशीब असते एकेकाचं, असं म्हणून उठता आलं असतं. पण ते ओझं त्याचं होतं आणि ती ते डोक्यावर घेऊन फिरत होती, हे त्याला बघवेना.

"नाई बाई," तो म्हणाला. "तुह्यानं नाई झालं थे. भोंगा म्या बंद केला. बॅटरी उतरून राह्यली होती म्हनून. अन् त्याच्यानंतर थो आला होता. जवळ आला होता. त्यानं मले हाक मारली. दोनदा मारली. म्या आयकली."

मंगलीनं मान वर केली. पहिल्यांदाच ती त्याच्याकडं सरळ बघत होती.

"मंग? तू काय म्हटलं?"

मुखरूचे ओठ हलले. ती वाट बघत राहिली.